पंधराचा डबा

कर्वेनगर, १२ मे २०२५

साईनाथ,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहिणार नाही.

परवा फोनवर तू मला भाव सांगितलेस तेव्हा मी भाजी परतत होते. फोन ठेवला आणि त्यातला एकही आकडा माझ्याजवळ राहिला नाही. म्हणून कागदावर पाठव. तसंही तुला दहावीच्या पेपरात पत्र लिहायला लागतं म्हणे. सराव माझ्यावर कर.

सध्या बत्तीस डबे आहेत, दोन्ही वेळचे. मुलं सगळी स्पर्धा परीक्षेची. सुट्टीतही घरी जात नाहीत, त्यामुळे बाराही महिने सामान तेवढंच लागतं. जानेवारीत मी सगळ्यांना सांगून बसले की वर्षभर डब्याचा दर वाढवणार नाही. मग गॅस वाढला, आणि भाजी मंडईतून आणली तरी वाढलेलीच. महिन्याला दोन हजार कमी पडतात. ते किराण्यातून निघाले तर ठीक, नाहीतर वैष्णवीला नको म्हणावं लागेल. ती नऊ वर्षं माझ्याकडे पोळ्या लाटते. तिला नको म्हणण्यापेक्षा मला किराणावाल्या संपतरावांना नको म्हणणं सोपं वाटतं.

तू काम करतोस त्याच मार्केटची शाखा इथे वारज्याच्या रस्त्याला निघाली आहे. सगळे म्हणतात स्वस्त आहे. पण म्हणणारे दोघातिघांचं सामान आणतात, माझं पोत्याने असतं. संपतराव यादी घेऊन जातात, सामान घरपोच देतात, डाळीत किडा निघाला तर न बोलता बदलून देतात. न बोलता म्हणजे खरंच न बोलता, चेहरा तेवढा बोलतो.

त्यांचं एप्रिलचं बिल सोबत आहे. तुमचे भाव शेजारी लिही आणि एवढंच सांग, जाऊ की नको. तू सांगशील तसं करीन.

शालूआत्या


विश्रांतवाडी, १८ मे २०२५

प्रिय शालूआत्या,

नमस्कार. तुझे पत्र गुरुवारी मिळाले. उत्तराला तीन दिवस लागले, कारण घाईत उत्तर दिले आणि चुकले तर नुकसान तुझे होईल.

बिलातल्या सत्तावीस वस्तूंपैकी सव्वीस आमच्याकडे मिळतात. गोडा मसाला तू घरी करतेस त्याला लागणारे दगडफूल आमच्याकडे नसते, ते संपतरावांकडूनच घे. बाकीचे भाव मी काम संपल्यावर रॅकसमोर उभा राहून उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पडताळले. पाकिटावरची फेव्हरिट, सुपर असली नावे पाहिली नाहीत. संपतराव ज्या प्रतीचा तांदूळ देतात त्याच प्रतीचा आमच्याकडचा धरला आहे.

तांदळात महिन्याला ३६० रुपये वाचतात. सगळ्या डाळी मिळून ५२०. साखर, चहा, शेंगदाणे, मसाले, भांड्यांची पावडर आणि साबण यांत ९२५. साबण आणि पावडर यांतच सगळ्यात जास्त फरक आहे, तो मला आधी खरा वाटला नाही. तेलाचा पंधराचा डबा संपतराव २४०० ला देतात, आमच्याकडे २२६५ ला आहे. तुला तीन डबे लागतात, म्हणजे ४०५ रुपये.

एकूण २२१० रुपये. तुला दोन हजार हवे होते.

तेलाचे ४०५ धरले नाहीत तर आकडा दोन हजारांच्या खाली जातो. म्हणून डब्याचा भाव मी तीन वेळा पाहिला आणि आमचे मॅनेजर अभय सर यांनाही विचारला. तो महिनाभर बदलणार नाही असे ते म्हणाले.

माझे मत, जावे. मात्र काही गोष्टी पाळ. शनिवारी-रविवारी जाऊ नकोस. यादी हातात ठेव आणि यादीबाहेरचे काही घेऊ नकोस. दारातून आत आल्याबरोबर जे दिसते ते तिथे मुद्दाम ठेवलेले असते, मी स्वतः ठेवतो. बिल झाल्यावर दाराबाहेर पडण्याआधी वाच.

वैष्णवीताईंचे काम राहील हे वाचून मला बरे वाटले. मागच्या दिवाळीत त्यांनी मला जाताना चिवडा बांधून दिला होता.

कुठे खाडाखोड दिसली तर क्षमा कर. पहिला कागद त्यामुळेच फाडला होता.

तुझा,
साईनाथ


कर्वेनगर, ८ जून २०२५

साईनाथ,

तू इतकं शुद्ध लिहितोस की वाचताना मला पदर सारखा करावासा वाटतो.

तर गेले. मंगळवारी सकाळी, वैष्णवीला घेऊन. तुझी यादी तिच्या हातात, सामानाची ढकलगाडी माझ्या हातात. दारात प्लॅस्टिकचे स्टूल होते, दोन घेतले. तूच ठेवले असशील तिकडच्या दारात, तर इकडच्या दारात तुझा भाऊ आहे कुणीतरी. वैष्णवी म्हणाली, मावशी, यादीत स्टूल नाही. मी म्हटलं, यादी करणारा उभ्याने पोळ्या लाटत नाही. आता ती स्टुलावर बसून लाटते आणि खुशीत आहे.

बिल तू सांगितलंस तेवढंच आलं, पाचसात रुपयांचा फरक. दाराबाहेर पडण्याआधी वाचलं. आमच्या मागे रांग थांबली होती, तिलाही वाचून दाखवलं असतं.

रिक्षा मात्र तू धरली नव्हतीस. दोन खेपा झाल्या, दोनशे साठ गेले. तू चालत जाणारा माणूस, तुला कसं सुचणार. तरी एकोणीसशे पन्नास हातात राहतात. दोन हजारच म्हणायचे. वैष्णवीला सांगितलं, आता काळजी नाही. ती म्हणाली, मला कुठे होती? तिला मी काही बोललेच नव्हते, आणि तिला सगळं माहीत होतं.

संपतरावांना मी स्वतः जाऊन सांगितलं. चोरून जाण्यात अर्थ नाही, रस्ता त्यांच्या दुकानावरूनच आहे. ते वजनकाटा पुसत होते, पुसतच राहिले. म्हणाले, दगडफूल लागलं तर ठेवतो.

अभ्यास कर.

शालूआत्या


विश्रांतवाडी, १३ जून २०२५

प्रिय आत्या,

रिक्षाचे चुकले. पुढच्या वेळी पोती आणि डबे एका खेपेत बसतील असे बघ, म्हणजे १३० वाचतील. वजनाच्या वस्तू खाली आणि साबण वेगळ्या पिशवीत ठेव, नाहीतर तांदळाला वास लागतो.

संपतरावांचे वाचून वाईट वाटले. पण आकडा आकडा आहे. मी तो पुन्हा मांडून पाहिला, तो बरोबर आहे.

बाबांची तब्येत ठीक आहे. दहावीसाठी बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म पुढच्या महिन्यात भरायचा आहे. शाळा सोडल्याचा दाखला नववीचा असून चालतो, असे चौकशी केल्यावर कळले.

तुझा,
साईनाथ


कर्वेनगर, ३ ऑगस्ट २०२५

साईनाथ,

तू दोनदा फोन केलास, मी घेतला नाही. हात मोकळा नव्हता. वैष्णवी सध्या येत नाही. पोळ्या मीच लाटते, त्यामुळे लिहायला वेळ नाही.

ऑगस्टचं सामान आणलं. भाव ठीक आहेत.

शालूआत्या


विश्रांतवाडी, ८ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझे पत्र सात ओळींचे होते. मी ते बऱ्याच वेळा वाचले.

वैष्णवीताई येत नाहीत म्हणजे पैसे पुरले नाहीत, असे मी समजतो. रिक्षामुळे दोन हजार पूर्ण झाले नाहीत हे तू जूनमध्येच लिहिले होतेस आणि मी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. म्हणून आणखी काय वाचते ते शोधले. चहा अर्ध्या किलोच्या पुड्याऐवजी एक किलोचा घेतला तर महिन्याला ५४ रुपये. हळद, तिखट मोठ्या पाकिटात ७०. भांड्यांच्या पावडरीला बुधवारी सवलत असते, ४०.

सगळ्यात मोठी बचत तेलात आहे. या महिन्यापासून एका वेळी चार पंधराचे डबे घेतले तर प्रत्येक डब्यामागे पन्नास रुपये कमी लावतात. चौथा डबा पुढच्या महिन्यात वापरता येईल, तेल खराब होत नाही. म्हणजे आणखी २०० रुपये.

एवढ्याने वैष्णवीताईंना परत बोलावता येईल का, ते कळव. नाही म्हणालीस तर आणखी शोधतो. तू एकटी बत्तीस डब्यांच्या पोळ्या लाटतेस हे मला बरे वाटत नाही. जावे असे मीच सांगितले होते.

फॉर्म भरला.

तुझा,
साईनाथ


कर्वेनगर, १४ ऑगस्ट २०२५

साईनाथ,

चौथ्या डब्याचं नाव काढू नकोस. तीनच पुरे झाले.

तुला सांगणार नव्हते. पण तू आता चहाच्या पुड्यात वैष्णवी शोधायला लागलास, म्हणून लिहिते. पैशांसाठी ती गेलेली नाही.

माझ्याकडे पंधराचे तीन डबे बरोबर महिनाभर जातात. वर्षानुवर्षं जातात. एकतीस तारखेला तळाशी वाटीभर राहतं, त्यात मी पापड तळते. जूनमध्ये सत्तावीस तारखेला तिसरा डबा कोरडा. मला वाटलं माझाच हात सैल झाला. संपतरावांकडून चार किलो सुटं आणलं. ते म्हणाले, काय शालूताई, मार्केटला सुट्टी होती वाटतं. ऐकून घेतलं.

जुलैत मी स्वतः मापाने तेल काढून दिलं. फोडणी मी घातली. तरी अठ्ठावीस तारखेला डबा कोरडा. पुन्हा चार किलो. म्हणजे सांडलं नाही, उधळलं नाही, दोन्ही महिने मोजून चारच किलो कमी. इतकं नेमकं कमी आपोआप होत नाही. स्वयंपाकघरात मी आणि ती, तिसरं कोणी येत नाही. मी दुपारी तासभर पडते, तेव्हा ती एकटी असते.

विचारलं. डबे न्यायला आलेली दोन मुलं दारात उभी होती, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. मी म्हटलं, "वैष्णवी, तेल घरी नेतेस का?"

अजून वीसेक पोळ्या व्हायच्या होत्या, त्या तिने लाटल्या, भाजल्या, डब्यांत भरल्या. पोळपाट धुऊन उभा केला. तिच्याकडची घराची किल्ली खिळ्याला अडकवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

नेलं नसतं तर नाही म्हणाली असती. एवढं तरी कोणीही म्हणतं. नऊ वर्षं मी तिला घरची समजत होते. चार किलो मागितलं असतं तर दिलं नसतं का?

याचा तुझ्या भावांशी काही संबंध नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

शालूआत्या


विश्रांतवाडी, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

वैष्णवीताईंनी तेल नेलेले नाही. चूक माझी आहे.

हे फोनवर सांगायला हवे होते, पण तू म्हणाली होतीस की फोनवरचे आकडे राहत नाहीत. आणि हा कागद तुला त्यांना दाखवता येईल.

तुझे पत्र मी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत वाचले. दोन्ही महिने चारच किलो, हे वाचून मी तसाच तेलाच्या रॅककडे गेलो. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरांत १५ लिहिले आहे. त्याखाली बारीक अक्षरांत लिटर लिहिले आहे, आणि बाजूला, निव्वळ वजन १३ किलो ६५० ग्रॅम.

संपतराव तेल किलोने विकतात. त्यांचा डबा पंधरा किलोचा असतो. त्यांच्या बिलात फक्त 'तेल डबा १५, नग ३' असे आहे. आमच्याकडेही सगळे पंधराचा डबा म्हणतात, तूही म्हणतेस, मीही म्हटले. दोन्ही डबे दिसायला सारखे. पण तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून पंधरा लिटर तेल म्हणजे पंधरा किलो नव्हे. एका डब्यात १ किलो ३५० ग्रॅम कमी. तीन डब्यांत ४ किलो ५० ग्रॅम.

तुझे चार किलो ते हेच आहेत. ते घरात आलेच नव्हते.

अभय सरांना विचारून मी एक डबा काट्यावर ठेवला. नंतर रिकामा डबा वेगळा मोजून वजा केला. छापले आहे तेवढेच भरले, दुकानाने काही लपवलेले नाही. सर म्हणाले, "छापलेलं वाचायसाठी असतं, साईनाथ." मी चौदा महिने हे डबे रचतो आहे.

किलोने हिशेब केला तर आमचे तेल १६६ रुपये पडते आणि संपतरावांचे १६०. म्हणजे जिथे मी ४०५ रुपये वाचतात असे लिहिले, तिथे तू जास्त पैसे देत होतीस. बाकीच्या वस्तू मी काल पुन्हा पाहिल्या. तांदूळ, डाळी, साखर दोन्हीकडे किलोनेच आहेत, साबण नगावर, तिथे फरक खरा आहे. तेल काढले तर १८०५ वाचतात, रिक्षा वजा करून १५४५. हा आकडा सांगितला असता तर तू कदाचित गेलीच नसतीस. त्यामुळे तो आता तुला कितपत कामाचा आहे, मला माहीत नाही.

सोबत रिकाम्या डब्याचे लेबल कापून पाठवत आहे. वजनाखाली रेघ मारली आहे. वेगळ्या कागदावर वैष्णवीताईंसाठी चार ओळी लिहिल्या आहेत. त्यांत आकडे नाहीत. तू वाचल्यास तरी चालेल.

मी येऊन स्वतः त्यांना सांगायला तयार आहे. रविवारी सुट्टी मागितली आहे. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

साईनाथ


कर्वेनगर, १४ सप्टेंबर २०२५

साईनाथ,

तू येऊ नकोस असं मी फोनवर सांगितलं ते रागाने नाही. विचारलं मी होतं, तू नाही. डब्यावरचं न वाचण्यात आपण दोघं. पण तिला विचारण्यात मी एकटी.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळचे डबे भरून वारज्याला तिच्या घरी गेले. ती दारातच भांडी घासत होती. आत ये म्हणाली नाही, मग मी तिथेच उभी राहिले. लेबल दाखवलं. तुझा कागद दिला. तिने दोन्ही वाचलं. तुझा कागद घडी करून कमरेला खोचला, लेबल मला परत दिलं.

मी म्हटलं, चारचे चार किलो जुळले बघ, तुझ्यावर काही नाही आता.

ती म्हणाली, "आकडा जुळला म्हणून मी चोर नाही. नसता जुळला तर, मावशी?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "नसता जुळला तर मी आले नसते."

"मग जा आता," म्हणाली, आणि पातेलं उचललं. रिक्षा मिळेना, चालत आले.

दुसऱ्या दिवशी डबे न्यायला मुलं आली तेव्हा त्या दोघांना मुद्दाम थांबवलं. त्या दिवशी ऐकलं होतं का, विचारलं. चेतन म्हणून आहे एक, तो म्हणाला, काकू, आम्ही काही ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं होतं. मी सांगितलं, मी चुकीचं बोलले होते, तिने काही नेलं नव्हतं, तेल मुळातच कमी आलं होतं. तो बिचारा डबा हातात घेऊन मान हलवत राहिला. सगळ्या बत्तीस जणांना सांगितलं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही. त्यांना काही कळलं नसेल, पण माझं सांगून झालं.

तेव्हाच डब्यामागे महिन्याला वीस रुपये वाढवते आहे म्हणून सांगून टाकलं, शब्द मोडते आहे असंही म्हटलं. कोणी हूं की चूं केलं नाही. एकाने विचारलं, पोळ्या पूर्वीसारख्या होणार का. माझ्या पोळ्यांबद्दल इतकं स्पष्ट आजवर कोणी बोललं नव्हतं.

तू फोनवर विचारलं होतंस की आता कुठून घेणार. साबण, चहा, डाळी, तांदूळ तुमच्याकडून, स्वस्त आहे ते आहे. तेल संपतरावांकडून. त्यांना पंधराच्या डब्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं. मी म्हटलं, तुम्हाला सोडायचं की नाही ते तुम्हालाच कसं विचारणार? त्यावर ते पहिल्यांदा हसले. बिलात आता किलो लिहितात, मी न सांगता.

वैष्णवी गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी आली. तिचं लाटणं राहिलं होतं, ते न्यायला. मी परातीसमोर होते. कणीक सैल झाली होती आणि साडेअकरा वाजून गेले होते. लाटणं माझ्या हातात होतं, ते मी पुढे केलं. तिने ते घेतलं, कणकेला बोट लावून बघितलं, पीठ मागितलं आणि स्टुलावर बसली. सगळ्या पोळ्या झाल्यावर हात धुतले आणि म्हणाली, आजपुरतं केलं.

गेले अकरा दिवस ती रोज येते आणि रोज जाताना तेवढंच सांगते. लाटणं पिशवीत घालून घरी नेते, सकाळी घेऊन येते. किल्ली खिळ्यालाच आहे. मी तिला घे म्हटलेलं नाही.

शालूआत्या